फिरती सावली

पूर्वी वैशाखातील शेतीच्या कामास एक ठरलेली चाल असे. तांबडे फुटताच औत जुंपावे, ऊन तापण्यापूर्वी सोडावे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा जुंपावे. हा नियम शेतकऱ्याने स्वतःसाठी केलेला नव्हता. तो बैलांसाठी होता. ऊन चढले की बैल धापा टाकू लागत, त्यांच्या तोंडास फेस येई. मग धन्यास औत सोडावेच लागे. बैल आंब्याखाली रवंथ करीत बसत आणि धनीही भाकर खाऊन त्यांच्या शेजारी घटकाभर आडवा होई. अशा रीतीने बैलांच्या निमित्ताने माणसासही विसावा मिळे.

ट्रॅक्टर आला आणि ही चाल मोडली. यंत्र धापा टाकीत नाही. टाकीत डिझेल आहे तोवर ते चालते; आणि ते चालते म्हणून त्यावर बसलेला माणूसही थांबत नाही. आता सावलीत केव्हा जावे, हे माणसास सांगणारे कोणी उरले नाही.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका वस्तीवर एक शेतकरी कुटुंब राहत होते. घरात आबा, अण्णा, आई, तेरा वर्षांची ताई आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे होती. दोन एकर द्राक्षबाग आणि तीन एकर मोकळे रान एवढी त्यांची शेती. कामासाठी अण्णांनी एक लहान ट्रॅक्टर घेतला होता. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचे अंतर असते आणि वर मंडपाच्या तारा व वेलींचे फाटे असतात. मोठा ट्रॅक्टर तेथे फिरू शकत नाही. म्हणून बागाईतदार सुमारे १८ ते २५ अश्वशक्तीचे अरुंद आणि बुटके ट्रॅक्टर वापरतात. त्यांवर छत नसते. असले तर ते मंडपात अडकेल.

त्या वर्षी मे महिन्यात कामाची घाई होती. एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी झाली होती. कोवळी फूट आली होती आणि तिच्यावर सकाळी फवारणी करावी लागे. बागेतले काम आटोपले की मोकळ्या रानात ढेकळे फोडण्याचे काम असे. मृग लागण्यापूर्वी रान तयार झाले पाहिजे, म्हणून अण्णा भर दुपारीही ट्रॅक्टरवरून उतरत नसत.

एके दिवशी दुपारी ताई जेवणाचा डबा घेऊन रानात गेली. ट्रॅक्टर बांधाशी उभा होता; यंत्र चालूच होते. अण्णा चाकाला टेकून खाली बसले होते. त्यांचे अंग घामाने निथळत होते, चेहरा पांढराफटक पडला होता. “डोळ्यांपुढे अंधारी आली,” एवढेच ते बोलले. ताईने आधी यंत्र बंद केले आणि आबांना हाक मारली. दोघांनी मिळून अण्णांना बांधावरच्या निंबाखाली आणले. ताईने त्यांचे पाय डब्याच्या पिशवीवर उंच ठेवले, मानेवर व काखेत ओली फडकी ठेवली आणि पदराने वारा घालावा तसा ती आपल्या ओढणीने वारा घालू लागली. थोड्या वेळाने अण्णांना मीठ-साखर घातलेले पाणी घोट-घोट पाजले, आणि मग त्यांना आरोग्य केंद्रात नेले.

तेथील डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि सर्वांना समजावून सांगितले. माणसाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. बाहेरची हवा त्याहून अधिक तापली की शरीरास थंड होण्याचा एकच मार्ग राहतो, आणि तो म्हणजे घाम. घाम वाळतो तेव्हा तो अंगातील उष्णता घेऊन जातो. परंतु डोक्यावर ऊन, पुढ्यात यंत्राची धग आणि अंगातले पाणी संपत आलेले, असे झाले की घामाचा हा उपाय पुरा पडत नाही. अण्णांना आली तशी भोवळ ही पहिली सूचना होय. ती मानली नाही, तर शरीराचे उष्णतामान ४० अंशांच्याही पुढे जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध होतो, तो उष्माघात. त्यात जीव जाऊ शकतो. “पाणी प्या, दुपारी विसावा घ्या आणि डोक्यावर सावली ठेवा,” असे डॉक्टरांनी बजावले.

पाणी आणि विसावा यांची व्यवस्था त्याच दिवशी झाली. सावलीची व्यवस्था मात्र सोपी नव्हती. दुसऱ्या दिवशी धाकट्याने घरातली मोठी छत्री आणली आणि ती आसनामागे सुतळीने घट्ट बांधली. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीस वाऱ्याची वावटळ आली. छत्री उलटी झाली, तिच्या काड्या मोडल्या आणि कापड अण्णांच्या तोंडावर आले. क्षणभर त्यांना पुढचे काही दिसेना. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला, म्हणून अनर्थ टळला.

“लोखंडाचे पक्के छतच बसवून टाकावे,” अण्णा म्हणाले.

“पण अण्णा, सकाळी फवारणीला बागेत कसे जाल?” ताईने विचारले. “मंडपाच्या तारा तुमच्या डोक्याच्या थोड्याच वर असतात. आणि आपल्या पडवीचे दारसुद्धा साडेसहा फूटच उंच आहे.”

अण्णा विचारात पडले. आबा ओट्यावर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, “पोरी, आमच्या बैलगाडीला टप होता. वेळूच्या कांबी वाकवून त्यांची कमान करायची, वर तट्ट्या बांधायचा. गाडीच्या दांड्यांना भोके असत; त्यांत टपाचे खुंट बसवले की झाले. बायकामुले जत्रेला निघाली की टप चढे. शेणखत वाहायचे असले की टप उतरे. गाडी एकच, पण सावली हवी तेव्हा असे आणि नको तेव्हा नसे.”

आबांच्या या बोलण्यातून साऱ्या कामाची दिशा ठरली. सावली करणे हे निम्मे काम होते. ती चटकन चढवता यावी आणि तितक्याच चटकन उतरवता यावी, हे उरलेले निम्मे काम होते.

प्रथम मापे घेतली. अण्णा ट्रॅक्टरवर बसले आणि ताईने फितीने मोजले. आसनापासून डोक्यापर्यंत तीन फूट भरले. खाचखळग्यांतून जाताना चालक आसनावरून उसळतो. म्हणून वर आणखी एक फूट मोकळी जागा सोडावयाचे ठरले. छत आसनापासून चार फूट उंच आले. आसन जमिनीपासून सुमारे तीन फूट उंच असल्याने छतासह ट्रॅक्टरची एकूण उंची सात फूट झाली. ही संख्या ताईने वहीत मोठ्या अक्षरात लिहिली. कारण आता खाली आलेल्या फांद्या आणि विजेच्या तारा यांकडे लक्ष ठेवावे लागणार होते.

छत किती रुंद असावे, यावर बरीच चर्चा झाली. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास माध्यान्ही सूर्य तेथे अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. तेव्हा आसनाएवढे छतही पुरते. परंतु सूर्य कलतो तशी सावली सरकते. दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. त्या वेळी छताची सावली छतापासून जितकी खाली पडते, तितकीच ती बाजूसही सरकते. अण्णांचे डोके छताखाली एक फुटावर होते. म्हणजे डोक्याच्या पातळीवर सावली एकच फूट सरकणार. गुडघे तीन फुटांवर होते. तेथे ती तीन फूट सरकणार. ताईने हे कागदावर रेघा ओढून दाखवले. चार फूट रुंदीचे छत असले, तर चार वाजेपर्यंत डोके सावलीत राहत होते. कलत्या उन्हात हात आणि गुडघे मात्र उघडे पडत होते.

“मग बाजूंना पडदे लावू,” धाकटा म्हणाला.

“पडदा लावला तर मागचे औजार आणि बाजूला आलेले माणूस मला दिसणार नाही,” अण्णा म्हणाले. “उन्हाने अंग भाजेल, पण न दिसल्याने एखाद्याचा जीव जाईल.”

शेवटी पडद्यांऐवजी दोन्ही बाजूंना नऊ इंचांची झालर सोडावी आणि पुढची व मागची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी, असे ठरले. पुढची कडा यंत्राच्या धुराड्यापासून निदान तीन फूट दूर राहील, अशा बेताने लांबी साडेचार फूट धरली. बाह्या असलेला सदरा घालावयाचे अण्णांनी मान्य केले, आणि हातांचाही प्रश्न सुटला.

आता कापड कोणते घ्यावे, हे पाहावयाचे होते. घरात काळे प्लॅस्टिक होते, रोपवाटिकेची हिरवी जाळी होती आणि पांढरे मांजरपाट होते. ताईने तीन सारख्या वाट्यांत सारखे पाणी घेतले आणि त्या अंगणात मांडल्या. प्रत्येकीवर चार काठ्या रोवून एकेक आच्छादन बांधले. मांजरपाट दुहेरी केले. दोन तासांनी मुलांनी पाण्यात बोटे घालून पाहिली. मांजरपाटाखालचे पाणी सर्वांत कमी तापले होते. जाळीतून निम्मे ऊन खाली येत होते. प्लॅस्टिकातून ऊन येत नव्हते, तरी ते स्वतःच इतके तापले होते की त्यास हात लाववेना. आणि तापलेल्या तव्याजवळ धग लागते तशी त्याची धग खालच्या वाटीस लागत होती. पांढरा रंग सूर्याचे पुष्कळ किरण परतवतो, काळा रंग ते शोषून घेतो. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट मुलांनी त्या दिवशी बोटांनी अनुभवली.

मापांचा कागद घेऊन अण्णा आणि ताई गावातील लोहारकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. ट्रॅक्टरच्या आसनामागे लोखंडाची एक जाड कमान होती. तिचा वरचा भाग बागेत जाताना मागे दुमडता येत असे. ती पाहून ताई म्हणाली, “मिस्त्रीकाका, छताचे खांब या कमानीलाच वेल्डिंग करून जोडले तर?”

मिस्त्रींनी मान हलवली. “नाही बेटा. ही कमान शोभेची नाही. ट्रॅक्टर उलटला तर ती जमिनीला टेकते आणि पट्टा बांधून बसलेला चालक चिरडला जात नाही. हिला भोक पाडले किंवा आच लावली तर हिची ताकद कमी होते. हिला नुसते आवळून धरायचे, जखम करायची नाही.”

मिस्त्रींचे म्हणणे अगदी खरे होते. ट्रॅक्टर उलटून होणारे अपघात हे शेतीतील मोठे संकट आहे. स्वीडन देशात १९५९ पासून प्रत्येक नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक चौकट असणे कायद्याने आवश्यक झाले आणि त्यानंतर तेथे अशा अपघातांतील मृत्यू फार कमी झाले. कापडाचे छत हे काम करू शकत नाही. छत उन्हापासून वाचवते, कमान मरणापासून. एकीचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

मिस्त्रींनी सव्वा इंची लोखंडी नळाचे एकेक फुटाचे दोन तुकडे कापले. हे तुकडे कमानीच्या खालच्या, न दुमडणाऱ्या भागास दोन्ही बाजूंनी उभे लावले आणि वाकड्या बोल्टांनी आवळले. कमानीचा रंग खरवडू नये म्हणून मध्ये रबराची पट्टी घातली. या झाल्या दोन खोबण्या. छताचे दोन खांब एक इंची नळाचे केले. एक इंची नळ सव्वा इंची नळात सहज सरकतो. खांबांच्या माथ्यावर पातळ चौकोनी नळीची चौकट जोडली आणि ती पुढे झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंस तिरके आधार दिले. प्रत्येक खोबणीतून आणि खांबातून आरपार एक भोक पाडले. त्यात खीळ घातली की खांब जागचा हलत नसे. खीळ हरवू नये म्हणून ती आखूड साखळीने खोबणीसच अडकवली. भोके पाडली ती या नव्या नळांना; कमानीस एकही भोक पडले नाही.

घरी आल्यावर आबांनी वेळूच्या तीन कांबी काढल्या, त्या तासून गुळगुळीत केल्या आणि चौकटीवर टपासारख्या कमानी बसवल्या. आईने दुहेरी मांजरपाट शिवणयंत्रावर शिवले, काठांस दुमड घालून पितळी कड्या ठोकल्या. कमानीमुळे कापड अंगालगत आले नाही. तापलेली हवा वर चढून पुढच्या-मागच्या मोकळ्या बाजूंनी निघून जाई, आणि वाराही आत न अडकता आरपार जाई. छत्री जेथे फसली होती, तेथे टपाचा आकार उपयोगी पडला.

पहिल्याच दिवशी सारे नीट झाले असे मात्र नाही. ट्रॅक्टर चालू होताच खांब खोबणीत खडखडू लागले. शिवाय कापड दोरीने ताणून बांधले होते. वाऱ्याच्या एका झोतात ते फुगले आणि एक कडी कापडासह फाटून निघाली. आईला वाईट वाटले. आबा म्हणाले, “मोडले म्हणून बरे झाले. कुठे कमी आहे, ते तिने दाखवले.” खांबांच्या खालच्या टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, खडखड थांबली. दोरीच्या जागी त्याच ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. वारा आला की त्या ताणत आणि कापडास थोडे सैल सोडत. वारा ओसरला की पुन्हा ओढून घेत. कापड फाटेनासे झाले. ताईने पट्ट्यांची लोंबणारी टोके कात्रीने कापून टाकली. कारण ट्रॅक्टरच्या मागे औजार फिरवणारा दांडा असतो. त्यात एखादे टोक गुंतले, तर तो क्षणात सारे ओढून घेतो.

छताचे सगळे वजन तेरा-चौदा किलो भरले. यंत्र बंद करावयाचे, दोन खिळी काढावयाच्या, दोघांनी दोन्ही बाजूंनी छत वर उचलावयाचे आणि पडवीतील भिंतीच्या खुंट्यांवर टांगावयाचे, एवढेच काम. पाच मिनिटेही लागत नसत. सकाळी अण्णा छत न लावता बागेत जात. तारा फार खाली असत तेथे कमान दुमडत आणि बाहेर येताच ती पुन्हा उभी करीत. मोकळ्या रानात निघताना छत चढे. सडकेवर वेगाने जावयाचे असले की ते घरीच राही.

मृगापूर्वी तिन्ही एकर रान तयार झाले. छतामुळे हवेचे उष्णतामान एका अंशानेही उतरले नव्हते. उन्हाळा होता तेवढाच होता. परंतु सूर्याचा सरळ मारा डोक्यावर होत नव्हता, आणि तेवढ्याने फार फरक पडला. तरीही ऊन तापले की ताई बांधावर येऊन उभी राही आणि हात वर करी. अण्णा ट्रॅक्टर निंबाखाली आणून यंत्र बंद करीत.

पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, “आता सावली आहे ना डोक्यावर? मग कशाला थांबायचे?”

तेव्हा आबा हसून म्हणाले, “टप गाडीला होता, तरी आम्ही बैल सोडतच होतो.”

अण्णांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. ते खाली उतरत, तांब्याभर पाणी पीत आणि निंबाच्या सावलीत घटकाभर आडवे होत. शेजारी ट्रॅक्टरही उभा असे, जुन्या बैलांसारखा.

स्वाध्याय

१. बैलांच्या निमित्ताने माणसास विसावा कसा मिळत असे?
२. अण्णांना भोवळ आल्यावर ताईने कोणकोणत्या गोष्टी केल्या? त्या क्रमाने लिहा.
३. छत पक्के न करता काढता-घालता येईल असे का करावे लागले?
४. कारणे द्या : (अ) बाजूंना पडदे लावले नाहीत. (आ) कमानीस भोक पाडले नाही. (इ) दोरीऐवजी रबराच्या पट्ट्या लावल्या.
५. ताईने केलेला तीन वाट्यांचा प्रयोग घरी करून पाहा आणि काय आढळले ते वहीत लिहा.
६. ‘टप गाडीला होता, तरी आम्ही बैल सोडतच होतो,’ या आबांच्या बोलण्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.